बाबांच्या डिस्चार्ज बुकात 'पूर्वी स्टार' मेडल नाही. नोंद दुरुस्त कशी करतात?

मानेवाडा_लोकल

नमस्कार. प्रश्न एका ओळीचा आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय कळणार नाही. जरा सांभाळून घ्या.

माझे बाबा १९६८ साली फौजेत भरती झाले. ट्रेड ड्रायव्हर. १५ वर्षं करून १९८३ ला नायक म्हणून पेन्शनवर आले. आता पंचाहत्तरी उलटली आहे. रेजिमेंट आणि रेकॉर्ड ऑफिस कोणतं ते मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यांच्याशी अजून काम पडायचं आहे.

डिस्चार्ज बुकात (फौजेतून सुटताना मिळतं ते, सेवेच्या नोंदींचं पुस्तक) मेडलच्या पानावर तीन नोंदी आहेत: संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या २५व्या वर्षाचं मेडल आणि ९ वर्षांच्या दीर्घ सेवेचं मेडल. पूर्वी स्टार नाही. १९७१ च्या युद्धात पूर्वेच्या मोर्च्यावर असलेल्यांना तो स्टार मिळाला, आणि बाबा तर पूर्वेलाच होते. नोव्हेंबरात त्यांच्या युनिटमधल्या सहा गाड्या आणि बारा ड्रायव्हर दुसऱ्या एका फॉर्मेशनला (मोठ्या लष्करी तुकडीला) जोडून दिले होते. युनिट मागेच राहिलं, हे बाराजण त्रिपुरात गेले. जाताना दारूगोळा, येताना जखमी. जानेवारीत परत.

पन्नास वर्षं बाबांनी याबद्दल एक शब्द काढला नाही. मेडलं आईच्या कपाटात साड्यांखाली होती. १६ डिसेंबर २०२१ ला विजय दिवसाला पन्नास वर्षं झाली म्हणून वस्तीतल्या मंडळाने माजी सैनिकांचा सत्कार ठेवला. "काकाजी, मेडल लावून या" म्हणाले, म्हणून बाबांनी ब्लेझर काढला. स्टेजवर शेजारी बसलेल्या एका निवृत्त साहेबांनी छातीकडे पाहून सहज विचारलं, "तुम्ही पूर्वेला होते म्हणता, मग स्टार कुठे आहे?" वाईट हेतूने विचारलं असं मला वाटत नाही. बाबा काहीच बोलले नाहीत. नारळ-शाल घेऊन घरी आले. त्यानंतर तो ब्लेझर त्यांनी घातलेला नाही.

२०२२ मध्ये रेकॉर्ड ऑफिसला पत्र पाठवलं. आठ महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं: उपलब्ध रेकॉर्डप्रमाणे पात्र नाही. दुसऱ्या पत्राला उत्तरच नाही. माहितीच्या अधिकारात माझ्या भावाने अर्ज केला, तर 'त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती' म्हणून नाकारला.

पुढे काय करायचं?

कडक_चाय

त्या स्टारमुळे पेन्शन वाढते का?

मानेवाडा_लोकल

नाही. एक रुपयाही नाही.

कडक_चाय

मग एवढी दगदग काऊन बाप्पा या वयात?

आर्वीकर

चायभाऊ, लग्नाच्या पत्रिकेत मामाचं नाव राहिलं तर किती वर्षं ऐकावं लागते माहीत आहे ना? तिथंही पैशाचा काही संबंध नसते.

गिट्टीखदान_७

ताई, कामठीला जा. गार्ड्स रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस तिथंच आहे. ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत मेट्रो, पुढे ऑटो. अर्ध्या दिवसाचं काम.

मानेवाडा_लोकल

जाऊन आलो! नागपूरचा फौजी म्हटला की सगळे कामठीलाच पाठवतात. बाबा गार्ड्सचे नाहीत. गेटवरच्या हवालदाराने बाबांचा फौजी नंबर पाहूनच सांगितलं की हे आमच्याकडचं नाही. पण उन्हात उभे म्हणून बाबांना आत बसवलं, पाणी दिलं आणि "सर, आपलं शीट रोल मागवा, मेडल नका मागू" असं सांगितलं. मला त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही.

निवृत्त_सुभेदार

त्या हवालदाराने लाखमोलाचं सांगितलं. मी स्वतः क्लार्क ट्रेडचा, २८ वर्षं हेच कागद केले, म्हणून सविस्तर लिहितो.

फौजेत माणसाच्या बाबतीत जे काही घडतं, म्हणजे सुट्टी, बदली, बढती, लग्न, मूल, दवाखाना, शिक्षा, ते युनिट 'पार्ट टू ऑर्डर' काढून छापतं. त्याची प्रत रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिथे ती त्या माणसाच्या शीट रोलवर चढते. मेडलचा हक्क ठरवणारा बाबू तुमच्या वडिलांना ओळखत नाही, त्यांचा ट्रक त्याने पाहिलेला नाही. तो फक्त शीट रोल पाहतो. पार्ट टू ऑर्डरमध्ये जे आलं नाही ते रेकॉर्डच्या लेखी घडलंच नाही.

तुमच्या पत्राला 'पात्र नाही' हे उत्तर म्हणूनच आलं. त्या बाबूने खोटं लिहिलेलं नाही. रेकॉर्डप्रमाणे तुमचे वडील त्या दोन महिन्यांत मागच्या ठाण्यावरच होते. युनिटने अटॅचमेंटची (दुसरीकडे जोडून दिल्याची) ऑर्डर छापली नसेल, किंवा छापली पण पोचली नसेल, किंवा पोचली पण चढली नसेल. तिन्ही होतं. लढाईच्या धामधुमीत क्लार्कसुद्धा पोती उचलत असतो.

आता मेडलांमधला फरक. संग्राम मेडल म्हणजे १९७१ च्या युद्धाच्या वेळी तुम्ही फौजेत होता. ते मागे राहिलेल्यांनाही मिळालं. पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार प्रत्यक्ष मोर्च्याच्या हद्दीत असलेल्यांना, एक पूर्वेचा, एक पश्चिमेचा. आधीच्या युद्धातही अशीच जोडी होती: १९६५ चा समर सेवा स्टार मोर्च्यावरच्यांना आणि रक्षा मेडल बाकीच्यांना. कारगिलला ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल. म्हणजे 'स्टार' हा शब्द जिथे आला तिथे प्रश्न एकच: तुम्ही त्या तारखांना कुठे होता? तुमच्या वडिलांची भानगड मेडलची नाही, पत्त्याची आहे.

म्हणून अर्जात 'पूर्वी स्टार मिळावा' हे पहिलं वाक्य नको. 'अमुक ते अमुक तारखेदरम्यानच्या अटॅचमेंटची नोंद माझ्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये राहून गेली आहे, ती घ्यावी' हे पहिलं वाक्य. मेडल शेवटच्या ओळीत.

पुराव्याशिवाय नोंद होणार नाही. घरात काय काय आहे?

मानेवाडा_लोकल

काकाजी, डोक्यात प्रकाश पडला. तीन वर्षं आम्ही चुकीचंच मागत होतो.

घरात डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), एक जुना फोटो (ट्रकसमोर चौघे, मागे बांबूचं बन). मागे 'अगरतला' असं पेन्सिलने लिहिलंय, पण ते बाबांचंच अक्षर आहे. आईने जपलेली पत्रं आहेत, ती अजून पाहिली नाहीत.

निवृत्त_सुभेदार

फोटोच्या मागचं स्वतःचं अक्षर कोणी धरणार नाही. पत्रं काढा, पण पाकिटं फेकू नका! आणि माहितीचा अर्ज वडिलांच्याच नावाने, त्यांच्याच सहीने करा. भावाच्या नावाने केला तर नाकारणारच.

टपालवेडा

पत्रांचा विषय निघाला म्हणून आलो. जुनी टपाल तिकिटं आणि शिक्के हा माझा तीस वर्षांचा नाद.

फौजी पत्रावर गावाचं नाव नसतं, शिक्क्यात फील्ड पोस्ट ऑफिसचा फक्त नंबर असतो. मुद्दामच, कारण पत्र शत्रूच्या हाती लागलं तरी पलटण कुठे आहे ते कळू नये. फौजी पत्त्यातही गाव नसतं, युनिट आणि पुढे ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस). ५६ ची डाक दिल्लीच्या बेस पोस्ट ऑफिसातून जाते, ९९ ची कोलकात्याच्या. म्हणजे डिसेंबर १९७१ च्या पत्रावर परतीचा पत्ता ९९ एपीओ असेल तर माणूस पूर्वेकडच्या डाकेवर होता हे तिथेच दिसतं. शिक्क्यातला नंबर त्याहून पक्का. तो त्या वेळी कोणत्या फॉर्मेशनबरोबर होता ते काढता येतं.

आणि गंमत पहा, आर्मी पोस्टल सर्व्हिसचं सेंटर आपल्या कामठीतच आहे. गिट्टीखदानभाऊंनी पत्ता बरोबर दिला, फक्त खातं चुकलं.

गिट्टीखदान_७

बघा, मी उगीच बोलत नसतो.

सिएटलचा_सदरवाला

थोडं अवांतर. माझे इथले शेजारी अमेरिकन फौजेतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे सगळी मदार 'डीडी-२१४' नावाच्या एका कागदावर असते, आपल्या डिस्चार्ज बुकासारखा. त्यात मेडल राहिलं तर मूळ कागद बदलत नाहीत, 'डीडी-२१५' नावाचा दुरुस्तीचा कागद जोडून देतात. मोठी चूक असेल तर दुरुस्ती मंडळाकडे अर्ज. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, पण न्यायासाठी ती माफ करता येते. शेजाऱ्यांच्या वडिलांचं मात्र काहीच सापडलं नाही. १९७३ च्या जुलैत सेंट लुईसच्या अभिलेखागाराला आग लागली आणि एक कोटी साठ लाखांच्या वर फायली गेल्या. त्यात १९१२ ते १९६० मध्ये सुटलेल्या त्यांच्या भूदलातल्या लोकांच्या ऐंशी टक्के फायली. आता ते लोक पगारपत्रकं आणि दवाखान्याच्या नोंदींवरून एकेक माणूस पुन्हा उभा करतात.

वकिलीणबाई_धंतोली

सदरवाल्यांनी लिहिलेलं अवांतर नाही. आपल्याकडे आग लागावी लागत नाही, नियमानेच जुन्या फायली नष्ट होतात. पेन्शन न घेता सुटलेल्यांची कागदपत्रं साधारण २५ वर्षांनी काढून टाकतात आणि मग फक्त 'लाँग रोल' उरतो, ज्यात भरती-सुटीच्या जुजबी नोंदी असतात. मानेवाडाताई, तुमचे बाबा पेन्शनर आहेत हे नशीब. त्यांची फाईल असणार. वेळ दवडू नका.

माहितीचा अर्ज: फी १० रुपये, प्रतींचे पानाला २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. केंद्राच्या पोर्टलवरून ऑनलाईन होतो. मागायचं असं: (अ) माझ्या शीट रोलची प्रमाणित प्रत, (ब) १ नोव्हेंबर १९७१ ते २८ फेब्रुवारी १९७२ दरम्यान माझ्या नंबरच्या सर्व पार्ट टू ऑर्डर, (क) माझ्या मेडल अर्जावर ऑफिसात जे लिहिलं गेलं त्या टिपणीची प्रत. (क) विसरू नका, 'पात्र नाही' कशावरून लिहिलं ते तिथेच कळतं. नाकारलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, मग ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोग. 'का नाही दिलं', 'कधी देणार' असे प्रश्न विचारू नका. ती माहिती नसते, तक्रार असते, आणि तेवढ्यावर अर्ज उडवतात.

मानेवाडा_लोकल

मॅडम, सरळ कोर्टात जाता येणार नाही का? भाऊ म्हणतो हायकोर्टाचं खंडपीठ सिव्हिल लाईन्सलाच आहे, इथेच टाकू.

वकिलीणबाई_धंतोली

टाकता येईल, पण तिथून लष्करी न्यायाधिकरणाकडे जा म्हणतील. २००७ च्या कायद्याने फौजी सेवेचे वाद तिकडे गेले. महाराष्ट्रासाठी मुंबईचं खंडपीठ. तिथेही पहिला प्रश्न: खात्याकडचे उपाय करून झाले का? शेवटच्या नकारापासून सहा महिन्यांत जायचं असतं, उशीर झाला तर माफीचा वेगळा अर्ज. आणि पुरावा आज नाही तो कोर्टातही नसेल. आधी कागद जमवा. फी न घेता सांगते आहे, यावरून ओळखा.

संत्रानगरी_९९

माझेही आजोबा ७१ च्या युद्धात होते. आजी सांगायची की साहेब त्यांना म्हणाले होते, "तुझं नाव सेना मेडलसाठी पाठवतो". आले नाही. त्याची नोंद अशीच दुरुस्त होईल का?

निवृत्त_सुभेदार

नाही जी. ते वेगळं झाड आहे. स्टार, संग्राम, हाय अल्टिट्यूड ही मेडलं अटीवर मिळतात. अट पूर्ण केली की हक्क, तिथे नोंद चुकली तर दुरुस्ती. (हाय अल्टिट्यूडचं सोपं उदाहरण: ९,००० फुटांवर एकूण १८० दिवस. दिवस मोजले की झालं.) सेना मेडल, वीर चक्र हे शौर्याचे. तिथे साहेबाची शिफारस, वर समिती, मग राष्ट्रपतींची मंजुरी आणि राजपत्रात नाव. साहेब म्हणाले असतील, मनापासून म्हणाले असतील. पण वर गेलं नाही किंवा मंजूर झालं नाही तर आज त्यात 'चूक' दाखवता येत नाही. राजपत्रात नाव असून डिस्चार्ज बुकात नसेल तर मात्र ती चूक. राजपत्र तपासा, पण आजीच्या आठवणीवर अर्ज करू नका. कडू वाटेल, क्षमा करा.

संत्रानगरी_९९

नाही काका, बरं झालं स्पष्ट सांगितलं. आजी गेली आता. आम्हीच उगाच कुरवाळत बसलो होतो.

बर्डीवाला

एवढी भानगड कशाले? मेडल बाजारात मिळतात. कित्येक जण सर्व्हिसमध्ये असतानाच विकत घेऊन लावतात. काकाजींसाठी एक स्टार आणा, विषय संपला.

निवृत्त_सुभेदार

बर्डीवालेभाऊ, अर्धं खरं आहे म्हणून उत्तर देतो. सरकारकडून मेडल यायला वर्षानुवर्षं लागायची, म्हणून परेडसाठी लोक बाजारातून घ्यायचे. पण त्यांच्या रेकॉर्डवर ते मेडल असायचं! हक्क आधी, धातू नंतर. रेकॉर्डवर नसलेला स्टार लावणं याला फौजेत काय म्हणतात ते इथे लिहीत नाही. आणि अस्सल मेडलच्या कडेवर नंबर, रँक, नाव कोरलेलं असतं. बाजारच्या मेडलची कड कोरी. जाणता माणूस पहिली कडच पाहतो.

मानेवाडा_लोकल

बर्डीवाले, भावाने हेच सुचवलं होतं. बाबा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

आर्वीकर

मोजके बोलणारे बाप दोन दिवस बोलले नाहीत हे कळते कसं, हाही एक प्रश्नच आहे.

मानेवाडा_लोकल

खरंय 😄 आईने सांगितलं.

मानेवाडा_लोकल (अडीच महिन्यांनी)

धागा वर आणते आहे. बरंच घडलं.

पत्रांत एक आंतर्देशीय सापडलं. बाबांनी आजोबांना लिहिलेलं, सगळं हिंदीत, कारण सेन्सॉर करणाऱ्या साहेबाला मराठी येत नव्हतं म्हणे. मजकूर काहीच नाही: मी खुशाल आहे, थंडी आहे, गोऱ्ह्याला जपा. परतीचा पत्ता ९९ एपीओ. शिक्का डिसेंबर १९७१ चा, नंबर अर्धा पुसट. टपालवेडा यांनी स्कॅन पाहून तो लावून दिला. फॉर्मेशन बाबा सांगतात तेच निघालं! त्यांचे आभार कसे मानू कळत नाही. (त्यांनी संत्रा बर्फी मागितली आहे, ती पोचती करते.)

आता खरी गोष्ट. शीट रोलची प्रत आली. अटॅचमेंटची नोंद नाही, सुभेदार काकांनी म्हटलं तसंच. पण आजारपणाच्या रकान्यात एक ओळ आहे: २९ डिसेंबर १९७१, मलेरिया, एका फील्ड अॅम्ब्युलन्समध्ये (म्हणजे गाडी नव्हे, मोर्च्याजवळचा फौजी दवाखाना) दाखल, सहा दिवस. ती फील्ड अॅम्ब्युलन्स पूर्वेकडची. बाबांच्या युनिटने काही छापलं नाही, पण दवाखान्याने आपला कागद वेगळा पाठवला आणि तो इमानदारीत चढला. म्हणजे रेकॉर्डप्रमाणे माणूस मागच्या ठाण्यावर होता आणि मलेरिया त्याला हजार किलोमीटरवर झाला.

बाबांना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "बारा जणाईत मलेच चावला होता तो."

कडक_चाय

😂😂 मच्छरलेच मेडल द्या आता.

निवृत्त_सुभेदार

वा! सरकारी दवाखान्याची त्याच वेळची नोंद, आणि ती त्यांच्याच फाईलमध्ये. याहून बळकट पुरावा कुठला! आता अर्ज असा बांधा. एका पानाचा. भावना नको, स्टेजवरचा प्रसंग नको. नंबर, रँक, नाव, ट्रेड. मग तारखा. मग 'सोबत जोडले': दवाखान्याच्या नोंदीचं पान, आंतर्देशीयाची दोन्ही बाजूंची प्रत, बरोबरच्या दोघा जिवंत साथीदारांची शपथपत्रं. शपथपत्रात त्यांनी स्वतः काय पाहिलं तेवढंच. 'फार शूर होते' वगैरे नको. गाडीचा नंबर आठवत असेल तर जरूर. ड्रायव्हर बायकोचा वाढदिवस विसरेल, गाडीचा नंबर विसरणार नाही.

अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा. तिथल्या कल्याण संघटकाला भेटा. त्यांचं शिफारसपत्र लागलं की वजन येतं, आणि आवक-जावक क्रमांक मिळतो. एक प्रत थेट स्पीड पोस्टने. मूळ डिस्चार्ज बुक पोस्टाने कुणालाही पाठवायचं नाही. मागितलं तरी आधी सगळ्या पानांच्या सत्यप्रती.

मानेवाडा_लोकल

अजून एक अडचण. रेकॉर्डला बाबांचं नाव नुसतं 'वासुदेव राव' आहे. आडनावच नाही! आधारवर पूर्ण नाव. हेच एक कारण दाखवून परत पाठवतील का?

निवृत्त_सुभेदार

हाहा. भरतीच्या वेळी कुणी विचारलं, "नाम?" पोरगा म्हणाला वासुदेवराव, बाबूने तोडून लिहिलं. पलटणीतले निम्मे मराठे असेच 'राव' आणि 'जी' होऊन पेन्शनवर आले. मेडलच्या अर्जात रेकॉर्डचंच नाव लिहा, खाली 'आधारप्रमाणे' म्हणून पूर्ण नाव. दोन्ही दुरुस्त्या एका अर्जात घालू नका, नाहीतर एक फाईल दोन टेबलांमध्ये अडकते. नावाची दुरुस्ती मात्र नंतर कराच. स्पर्श पोर्टलवर पेन्शन गेल्यापासून नावाच्या फरकाचे त्रास वाढलेत, आणि उद्या आईच्या फॅमिली पेन्शनला तेच आडवं येईल.

वैनगंगाकाठ

ताई, भंडाऱ्याजवळच्या एका गावात ७१ ला ड्रायव्हर असलेले एक काका आहेत. त्रिपुराच्या गोष्टी सांगतात. गंगासागरच्या लढाईनंतर जखमी आणले म्हणतात, जिथे १४ गार्ड्सच्या अल्बर्ट एक्कांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं तीच लढाई. तुमच्या बाबांच्या बारातले तर नसतील? निरोप खाजगीत पाठवते.

मानेवाडा_लोकल (चार दिवसांनी)

वैनगंगाताई, तेच निघाले.

परवा गेलो भंडाऱ्याला. त्रेपन्न वर्षांनी भेटले. मला वाटलं होतं गळ्यात पडतील. कसचं काय. काकांनी बाबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "माहा जॅक परत केला नाही तू." मग दोघं ओसरीवर बसले. आम्ही चहा-पोहे खाऊन उठलो तरी यांचं कोणत्या पुलावर कोणाची गाडी अडकली ते चालूच. गाडीचे नंबर दोघांनी आधी वेगवेगळे लिहिले, मग ताडून पाहिले. सहाच्या सहा जुळले.

आणि काकांचं डिस्चार्ज बुक पाहिलं. त्यातही पूर्वी स्टार नाही.

निवृत्त_सुभेदार

तेच म्हणणार होतो. कागद एका माणसाचा हरवलेला नाही. बारा जणांची एकच अटॅचमेंट ऑर्डर निघाली असती आणि तीच निघाली नाही. तुमच्या अर्जात एक ओळ वाढवा: 'माझ्यासोबत आणखी ११ जण होते.' आठवतील तेवढे नंबर-नावं द्या. अर्ज प्रत्येकाचा वेगळा, पण संदर्भ एकमेकांचा. एकाची नोंद झाली की दुसऱ्याला नाकारणं अवघड.

मानेवाडा_लोकल (सात महिन्यांनी)

उशिरा लिहिते आहे. मध्ये रेकॉर्ड ऑफिसातून दोनदा शंका आल्या. एकदा शपथपत्रावर साक्षीदाराचा नंबर अपुरा म्हणून, एकदा दवाखान्याचं पान अस्पष्ट म्हणून, जे त्यांनीच आम्हाला दिलेलं होतं! दोन्हींना उत्तरं दिली. मग सगळं शांत. केंद्राच्या तक्रार पोर्टलवर टाकलं, तेव्हा फाईल हलली.

गेल्या आठवड्यात पत्र आलं. अटॅचमेंटची नोंद उशिराची म्हणून घेतली, पार्ट टू ऑर्डरचा नंबर दिला आहे, पूर्वी स्टारचा हक्क मान्य. मेडल साठा उपलब्ध होईल तसं पाठवू. नोंदीसाठी डिस्चार्ज बुक मागवलं. बाबा पोस्टाने द्यायला तयारच नव्हते. भाऊ आणि ते दोन रात्री रेल्वेने गेले-आले. तिथल्या सुभेदार मेजरांनी समोर बसवून लाल शाईने ओळ लिहिली, शिक्का मारला, वरून लाडू खाऊ घातला. बाबा म्हणतात लाडू जरा कडक होता.

आर्वीकर

अभिनंदन! ब्लेझर निघाला का बाहेर?

मानेवाडा_लोकल

नाही हो. मेडल आल्याशिवाय नाही म्हणतात. कपाटाजवळ जाऊन बुक काढून ती ओळ मात्र दिवसातून दोनदा पाहतात, आम्ही पाहत नाही असं समजून.

कडक_चाय

काकाजींना सलाम. सुरुवातीला वेडंवाकडं बोललो, माफ करा.

मानेवाडा_लोकल

अहो त्यात काय. आता दुसरा प्रश्न. भंडाऱ्याच्या काकांचा अर्ज गेल्या सोमवारी गेला. बारातले आणखी एक पवनीकडचे होते, ते २००९ मध्ये गेले. काकू आहेत, फॅमिली पेन्शन चालू आहे. शाळा दुसरीपर्यंत. त्यांना बाबांनीच फोन केला. त्या म्हणाल्या, मिळत असेल तर नातवासाठी ठेवू. मेलेल्या माणसाची नोंद अशी दुरुस्त होते का, आणि अर्ज कोणी करायचा, मुलाने की काकूंनी?

निवृत्त_सुभेदार

होते. अर्ज काकूंच्या नावाने, मुलाच्या नाही. पेन्शन त्यांच्या नावाने आहे म्हणजे रेकॉर्ड त्यांना ओळखतं. सही येत नसेल तर डाव्या अंगठ्याचा ठसा, शेजारी दोन साक्षीदार. मृत्यूचा दाखला, फॅमिली पेन्शनच्या पीपीओची प्रत, आणि तुमच्या बाबांच्या पार्ट टू ऑर्डरचा नंबर पहिल्याच परिच्छेदात. शपथपत्रं तुमचे बाबा आणि भंडारेकर देतील. त्यात गाडीचा नंबर घालायला विसरू नका. माहितीचा अर्जही काकूंच्याच नावाने. पवनीहून भंडाऱ्याच्या सैनिक कल्याण कार्यालयाला जावं लागेल, नागपूरला नाही.

वैनगंगाकाठ

पवनीला माझी मावशी राहते. शनिवारी मी जातेच आहे, फॉर्म मी भरून घेते. फक्त काकांचा नंबर पाठवा, आणि तुमच्या बाबांना विचारून ठेवा, त्यांची गाडी कोणती होती?

मानेवाडा_लोकल

विचारलं. तिसरी. नंबर खाजगीत पाठवते.